पांढरी पडलेली पाटली

भाचीच्या लेकीला बाळगुटी द्यायची होती. डॉक्टरांनी सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही नको असे बजावले होते, तरी निदान एक वळसा सोन्याचा द्यावा असे वहिनींच्या मनात होते आणि त्यासाठी त्यांना माझ्या आईची पाटली हवी होती. "वन्सं, पणजीचं सोनं लागू दे पोरीच्या जिभेला," असे म्हणून त्यांनी सहाण धुऊन माझ्यासमोर ठेवली. सहाणेवर दुधाचे चार थेंब होते, वेखंडाचा उग्र वास खोलीभर पसरला होता आणि पलीकडच्या दुपट्यातून बाळाचा एक पाय सारखा बाहेर येत होता. मी हातातली पाटली काढली आणि टेकवण्याआधी सवयीने तिच्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला. तिथे चिंचोक्याएवढी एक जागा आहे. बाहेरून ती दिसत नाही. बाकीची पाटली दोन पिढ्यांच्या वापराने गुळगुळीत झालेली असताना तेवढी जागा मात्र बोटाला किंचित खरबरीत लागते. माझा हात थांबला. मी पाटली पुन्हा हातात चढवली, बोटातली अंगठी काढली आणि तिचा वळसा दिला. वहिनींनी कारण विचारले नाही. आईचे सोने झिजवायला मी तयार नाही, असेच त्यांना वाटले असावे, आणि त्या क्षणी मलाही ते नीट सांगता आले नसते.

मी तेव्हा चौथीत होते. ताप मोजायची काचेची नळी माझ्याच हातून शहाबादी फरशीवर पडली आणि पारा घरभर पळाला. आईने आधी काचा वेचल्या आणि मग आम्ही दोघींनी मिळून तो पारा गोळा केला. पोस्टकार्डाच्या कडेने दोन थेंब जवळ आणले की ते एकमेकांत शिरून एक होत, बोटाने दाबले की दहा होत. तळहातावर घेतलेला एवढासा थेंब, पण आकाराच्या मानाने चांगलाच जड. माझा ताप उतरला की चढला, हे मला आठवत नाही. तो गारवा आणि ते वजन मात्र अजून तळहातावर आहे. गोळा केलेला पारा आम्ही इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरला आणि पुढे कित्येक दिवस भावाने व मी तो काढून खेळलो. शेवटी तो कधीतरी मोरीत सांडला. मोरीचे पाणी परसातल्या अळूला जात असे, आणि त्या अळूची भाजी आमच्याकडे श्रावणात नेमाने होत असे.

त्याच दिवशी संध्याकाळी दिवाबत्ती करताना आईच्या लक्षात आले की तिच्या उजव्या हातातली पाटली एका जागी पांढरी पडली आहे. सुरुवातीला तिने ती चिंचेने घासली, मग रिठ्याच्या पाण्यात ठेवली, आणि रंग परतत नाही म्हटल्यावर ती घाबरून गेली. सोने खोटे निघाले असे तिला वाटले असावे, कारण रात्री ती वडिलांशी अगदी हळू आवाजात बोलत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही पेठेतल्या सोनाराकडे गेलो. त्याने पाटली नुसती पाहिली आणि म्हणाला, "पारा लागलाय, वहिनी. सोनं पारा पितं." त्याने ती निखाऱ्यावर धरली आणि फुंकणीने जाळ एका जागी आणला. मी अगदी जवळ वाकून पाहत होते. राखाडी पांढरा डाग आधी मळकट झाला, मग त्याच्या कडांनी पिवळेपण आत सरकत गेले आणि पाहता पाहता सोने सोन्यासारखे झाले. सोनाराचा लहान मुलगा माळ्यावर झोपलेला होता, त्याचा एक हात खाली लोंबत होता. "गेला?" आईने विचारले. सोनार म्हणाला, "उडून गेला."

उडून कुठे गेला, हे आम्ही तिघांनीही विचारले नाही.

आमचे मूळ गाव खानापूर तालुक्यातले, विट्याजवळचे. त्या भागात पाऊस पाठ फिरवतो आणि माणसे गलाईला, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या कामाला, जातात, हे तिकडच्या कोणालाही सांगावे लागत नाही. माझे धाकटे काका पंधराव्या वर्षी दूरच्या एका नात्यातल्या दुकानात दक्षिणेत गेले आणि चाळीस वर्षे तिथेच सोने-चांदी गाळत राहिले. सुट्टीत आले की ते अंगणात बाजेवर बसून त्यांच्या कामाचे वर्णन करत, आणि मला ते एखाद्या व्रताच्या कहाणीसारखे वाटे. सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, जाळायचा, कुटायचा, चाळायचा, झारेकरी धुतात तसा पाण्यावर धुवायचा. तळाशी राहिलेल्या काळ्या गाळात पारा ओतून हाताने मळायचे. डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण पारा पकडतो आणि मातीला तसाच सोडतो. मग सगळे जाड फडक्यात घेऊन पिळायचे. मोकळा पारा फडक्यातून बाहेर येतो आणि आत एक पांढरा, लोण्यासारखा मऊ गोळा राहतो. तो गोळा तापवला की पारा जातो, सोने राहते. काकांना या सगळ्याचा अभिमान होता. "मुशीत गेलं की सोन्याला गाव नसतं," असे ते म्हणत. राजाच्या मुकुटातले असो की गटारातल्या गाळातले, टंच, म्हणजे कस, काढला की सगळे सारखे, असा त्याचा अर्थ होता.

पन्नाशीनंतर काकांच्या पत्रांतले अक्षर बदलत गेले. आधी वेलांट्या थरथरू लागल्या, मग ओळी खाली उतरू लागल्या. ते चिडके झाले, रात्री जागे राहू लागले, ओळखीची नावे विसरू लागले. घरात सगळ्यांनी ते वयावर आणि एकटेपणावर घातले. त्यांचे रक्त, लघवी किंवा केस पाऱ्यासाठी तपासावेत हे कोणाच्या मनातच आले नाही, आणि आता ते नाहीत. पुष्कळ वर्षांनी मी पाऱ्याच्या वाफेने होणाऱ्या आजाराविषयी वाचले तेव्हा त्यातली लक्षणे ओळीने समोर आली: हातांचा कंप, निद्रानाश, विसराळूपणा, उगाच लाजणे आणि उगाच संतापणे, मूत्रपिंडांचे बिघाड. श्वासातून आत गेलेल्या पाऱ्याच्या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग शरीरातच राहतो. सोनखाणीतल्या कामगारांची तपासणी करणारे डॉक्टर एक साधी चाचणी घेतात. काड्यापेटीतल्या काड्या समोर मांडतात आणि त्या पुन्हा पेटीत भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजतात. ते वाचल्यावर मला काका देवापुढे निरांजन लावताना दिसले. तीन-तीन काड्या वाया जात आणि आम्ही मुले हसत असू.

ज्या कामाचे वर्णन काका करत, तेच काम आज जगातल्या ७० हून अधिक देशांत दीड कोटीच्या आसपास माणसे नदीकाठी, डोंगरउतारावर, जंगल कापून केलेल्या खड्ड्यांत करत आहेत. त्यांत बाया आहेत, मुले आहेत. जगात निघणाऱ्या सोन्याचा साधारण पाचवा भाग त्यांच्या हातून येतो. कोळशावर चालणारी वीजकेंद्रे पाऱ्याची सर्वांत मोठी दोषी असतील असे मी समजत होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१८ मध्ये जो हिशेब मांडला, त्यात २०१५ या एका वर्षी माणसाने हवेत सोडलेल्या सुमारे २,२२० टन पाऱ्यापैकी जवळजवळ ३८ टक्के पारा या लहान सोनखाणींचा निघाला. सोनाराच्या फुंकणीसमोर उडून गेलेला तो चिंचोक्याएवढा डाग मी त्या आकड्यात शोधत बसते.

या खाणींविषयी वाचताना माझे मन वारंवार पेरू देशातल्या माद्रे दे दिओस या प्रदेशात जाते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा भाग. नावाचा अर्थ देवाची माता. तिथे सोने खडकात नसते, अँडीज पर्वतावरून नद्यांनी हजारो वर्षे वाहून आणलेल्या वाळूत ते पिठासारखे विखुरलेले असते. पंपाने किनारा फोडतात, वाळू-पाणी उतरत्या फळीवर अंथरलेल्या चटयांवरून सोडतात, दिवसाअखेर चटया पिंपात झटकतात आणि त्या काळ्या वाळूत पारा ओततात. पिंपात उतरून अनवाणी पायांनी ती वाळू तुडवणारी माणसे तिथे आहेत. मग तेच फडके, तोच पीळ आणि तोच पांढरा गोळा. हे काम करणारे बहुतेक जण कुस्को आणि पुनो या उंचावरच्या, कोरड्या, गरीब भागांतून उतरून आलेले असतात. त्यांच्याबद्दल वाचताना मला राग धरता येत नाही. पिंपात उतरलेल्या पोरात मला पंधराव्या वर्षी गाडीत बसलेले काका दिसतात. पारा त्यांना हवा असतो, कारण तो स्वस्त असतो, एकट्या माणसाला वापरता येतो, आणि सकाळी उपसलेल्या वाळूचे पैसे संध्याकाळी हातात देतो. विषाचे परिणाम वर्षांनी दिसतात; पोराच्या शाळेची फी या महिन्यातच भरायची असते.

गोळा खाणीत एकदा जाळला तरी त्यात थोडा पारा उरतोच. म्हणून तालुक्याच्या गावातला सोने विकत घेणारा दुकानदार तो दुसऱ्यांदा जाळतो, आणि हे दुकान भर बाजारात असते. शेजारी खानावळ, समोर शाळा, वर बिऱ्हाड. धुराडे असले तरी ते गल्लीतच उघडते. म्हणजे ज्यांनी आयुष्यात कधी वाळू उपसली नाही, ते लोकही दिवसभर तोच पारा श्वासावाटे घेत राहतात. कोलंबियातल्या अँतिओकिया प्रांतात, सेगोव्हिया आणि आसपासच्या गावांत, अशा दुकानांमुळे शहराच्या हवेत पाऱ्याचे प्रमाण धडकी भरवण्याइतके आढळले होते. हे वाचले त्या दिवशी मला सोनाराच्या माळ्यावरून लोंबणारा तो लहान हात आठवला. तो मुलगा माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. तो पुढे कसा झाला, हे विचारण्यासारखे त्या पेठेत आता कोणी ओळखीचे उरलेले नाही.

हवेतला पारा हवेत राहत नाही. माद्रे दे दिओसमधल्या लोस अमिगोस या राखीव जंगलात संशोधकांनी झाडांखाली पडणारे पाणी गोळा केले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार खाणींजवळचे दाट जंगल हवेतला पारा पानांवर आणि पानांत धरून ठेवते आणि पावसाबरोबर, पानगळीबरोबर तो जमिनीत उतरतो. तिथल्या पक्ष्यांच्या अंगातही तो सापडला. जंगल जितके जुने आणि दाट, तितका पारा जास्त, हे वाचून मी पुस्तक मिटल्यासारखा फोन उलटा ठेवला होता. पुढे तो नाल्यात, डबक्यात, खाणीने मागे ठेवलेल्या हिरवट तळ्यांत पोहोचतो. तळाच्या गाळात, जिथे प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू त्याचे मिथाइल पारा या रूपात परिवर्तन करतात. हे रूप अन्नातून सहज शोषले जाते आणि मेंदूपर्यंत पोहोचते. शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान मासळीत, लहान मासळीतून मोठ्या शिकारी माशात तो प्रत्येक पायरीवर साठत जातो, आणि शेवटची पायरी माणसाचे ताट असते.

माद्रे दे दिओसची राजधानी पुएर्तो माल्दोनादो. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत तिथल्या प्रौढांपैकी ७८ टक्के लोकांच्या केसांत पारा सुरक्षित मर्यादेपेक्षा जास्त निघाला, आणि नदीकाठच्या आदिवासी वस्त्यांत तर तो मर्यादेच्या कित्येक पट होता. मे २०१६ मध्ये पेरूच्या सरकारने तिथल्या ११ जिल्ह्यांत साठ दिवसांची आणीबाणी जाहीर केली आणि लोकांना अमुक मासे खाऊ नका असे सांगितले. जिथे मासा हेच रोजचे कालवण, तिथल्या आईने हे ऐकून दुसऱ्या दिवशी चुलीवर काय ठेवले असेल, हा प्रश्न मला त्या आकड्यांपेक्षा जास्त छळतो. शेजारच्या बोलिव्हियात बेनी नदीकाठी एसे एखा जमातीच्या बाया सोने काढत नाहीत. त्या मासे खातात, एवढेच. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्यांच्या केसांतला पारा खुद्द खाणींजवळ राहणाऱ्या बायांपेक्षाही जास्त होता.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि त्या महिन्याचा पारा आपल्यात बंद करून पुढे सरकतो. त्यामुळे लांब वेणी म्हणजे दोन-तीन वर्षांची डायरीच असते. नवजात बाळाच्या केसांत आईच्या शेवटच्या महिन्यांतला आहार वाचता येतो. भाचीच्या लेकीचे जावळ दाट आहे, आणि ते कधी काढायचे यावरून घरात सध्या चर्चा चालू आहे.

जपानमधल्या मिनामाता या शहराचे नाव या संदर्भात टाळता येत नाही. तिथला पारा कारखान्याचा होता, पण मिथाइल पारा म्हणजे काय हे जगाला तिथे कळले. १९५६ च्या मे महिन्यात त्या रोगाची पहिली अधिकृत नोंद झाली, त्याआधी मांजरे नाचल्यासारखी गरगरत समुद्रात पडू लागली होती. मला त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या आया स्वतः बऱ्यापैकी धडधाकट होत्या, त्यांच्या पोटी हातपाय वळलेली, बोलू न शकणारी मुले जन्माला आली. वार (प्लॅसेंटा) हे विष अडवील असे तोवर डॉक्टर मानत होते. प्रत्यक्षात गर्भाने ते आईकडून ओढून घेतले होते. जपानमध्ये बाळाची वाळलेली नाळ छोट्या लाकडी डबीत जपून ठेवण्याची रीत आहे. पुढे त्या डब्या उघडून संशोधकांनी नाळेतला पारा मोजला आणि कोणत्या वर्षी किती विष आईतून बाळात गेले याचा पुरावा त्या मायेने जपलेल्या तुकड्यांतून मिळाला. आमच्या आईनेही आम्हा दोघांच्या नाळेचे तुकडे चांदीच्या डबीत ठेवले होते. ती डबी आता वहिनींच्या कपाटात आहे.

यावर उपाय नाही असे नाही, आणि म्हणूनच जीव अधिक तुटतो. गोळा उघड्यावर न जाळता झाकणाच्या भांड्यात तापवला आणि वाफ नळीतून थंड पाण्यात नेली तर बहुतेक पारा परत मिळतो. फिलिपाइन्सच्या बेंगेट प्रांतातले खाणकरी तर अनेक वर्षे पारा वापरतच नाहीत. ते काळजीपूर्वक धुऊन काढलेल्या गाळात टाकणखार (बोरॅक्स) मिसळतात, त्याने सोने कमी उष्णतेत वितळते आणि सरळ तळाशी उतरते. टाकणखार! आमच्या पेठेतल्या त्या सोनाराच्या बैठकीशेजारी, दागिन्यांचे सांधे जोडण्यासाठी, तो पितळी वाटीत कायम भिजवलेला असे. पाऱ्याविषयीचा जागतिक करार मिनामाताच्याच नावाने २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये लागू झाला, २०१८ मध्ये भारतानेही तो मान्य केला. पेरूने २०१९ च्या फेब्रुवारीत ला पाम्पा या बेकायदा खाणींच्या पट्ट्यात पोलीस आणि सैनिक मिळून दीड हजाराच्या आसपास माणसे उतरवली. खाणी तिथून हलल्या आणि दुसऱ्या नद्यांवर गेल्या. आपल्याकडे तोळा लाखाच्या पुढे गेला, लग्नाच्या घरात हाय खाल्ली गेली. त्याच भावाने तिकडे आणखी एखादा पंप आणखी एखाद्या किनाऱ्यावर उतरवला असणार.

पेरू आणि बोलिव्हिया हे दोन्ही भारताला सोने विकणारे मोठे देश आहेत, हे मला अगदी अलीकडे कळले. तिथून अर्धवट शुद्ध केलेल्या विटा येतात, आपल्याकडे त्यांचे शुद्धीकरण होते, आणि आफ्रिकेतल्या, यांत्रिक खाणीतल्या, एखाद्या आजीने मोडलेल्या गोठातल्या सोन्याबरोबर ते एकाच मुशीत जाते. १ एप्रिल २०२३ पासून, काही अपवाद सोडता, दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क असल्याशिवाय तो विकता येत नाही. त्या खुणेवरून शुद्धता कळते, ती कोणत्या केंद्रात तपासली ते कळते. ती नदी कोणती, हे त्यात नाही. काकांचे वाक्य मला आता वेगळ्या अर्थाने ऐकू येते.

सहाणेपाशी माझा हात का थांबला, हे त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला हळूहळू उमगले. पाटलीत विष राहिले असेल अशी भीती मला वाटली होती; ती अगदीच निराधार नव्हती, पण खरी गोष्ट वेगळी होती. तो डाग म्हणजे बहुतेक पारा निघून गेल्यावर राहिलेली खरबरीत जागा आहे. शुद्ध केलेल्या सोन्यात मात्र पारा मागे राहत नाही; ते आपल्यापर्यंत स्वच्छच येते, कारण त्याचा पारा आधीच कोणाच्या तरी छातीत, कोणाच्या तरी ताटात, कोणाच्या तरी गर्भात सोडून दिलेला असतो. पाटली त्यातल्या त्यात प्रामाणिक होती. तिचा पारा कोणी घेतला ते मला माहीत होते: सोनाराने, माळ्यावरच्या त्याच्या मुलाने, आईने आणि वाकून पाहणाऱ्या मी.

सकाळी मी वहिनींना हे सगळे सांगितले. स्वयंपाकघरात त्या भाकरी थापत होत्या, मी उंबऱ्यात बसून बोलत होते. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटची भाकरी तव्यावर टाकून त्यांनी पिठाचे हात धुतले आणि विचारले, "मग वन्सं, काल जी अंगठी उगाळली, तिचं सोनं कुठलं होतं?"

अंगठी मी चार वर्षांपूर्वी घेतली होती. घरी आल्यावर कपाटातून पावती काढली. वजन, शुद्धता, घडणावळ, कर आणि खाली सही. मी ती पावती दोनदा उलटून पाहिली.